टर्म विमा कधी घ्यायचा, कधी सोडायचा?

प्रश्न: भाऊ, मी दारव्ह्याकडचा, वय ३४, पाच एकर कपाशी, पीककर्ज हाये, लेकरं लहान. एजंट म्हणते टर्म वयाच्या ८५ वर्षांपर्यंतचा घ्या. घेऊ का?

उत्तर: दादा, टर्म म्हंजे मुदतीत माणूस गेला तर घरच्याले पैसे देणारा विमा. कापूस विकायची वाट नका पाहू, आताच घ्या, वय वाढलं की हप्ता महाग पडते. बँकेतली वर्षाले ४३६ रुपयांची जीवनज्योती विमा योजना २ लाखच देते, तेवढ्यात घर नाही चालत. पण ८५ कशाले? लेकरं कमावती झाली, कर्ज फिटलं की गरज संपली, ६० पर्यंतचा बस झाला, तोही स्वस्त. त्याआधी सोयरिकी अन् कर्ज निपटलं तर हप्ता बंद करा, फक्त साध्या टर्मात भरलेले पैसे वापस येत नाहीत. अन् घेतानाच १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली बायको-लेकरांच्या नावानं करा, मंग सावकाराले सहसा त्या पैशाले हात लावता येत नाही. खिशातली खर्र्याची पन्नी लपवू नका बरं, तंबाखू फॉर्मात लिहाच, क्लेम तिथंच अडकते.