केशरी रताळ्यांचा वेल माजतो, पण रताळी बोटाएवढीच. शिजवल्यावर चवही पाणचट. काय चुकतंय?

दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दोन्ही मी केल्या आहेत.

वेल माजतो तो नत्राने. पहिल्या वर्षी मीही पानं बघून खूश होऊन शेणखत घालत राहिले. आता कुजलेलं खत लागवडीआधी एकदाच, नंतर फक्त चुलीची राख. जूनमध्ये वरंब्यावर वीतभर वेलाचे तुकडे, तीन डोळे मातीत जातील असे लावायचे. वेल पसरला की पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतो आणि तिथेही बारीक गाठी पोसत बसतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी तो उचलून परतवून टाकायचा.

चार महिन्यांनी एक रताळं काढून कापून बघा. चीक वाळून पांढराच राहिला तर तयार, काळपट-हिरवट पडला तर थांबा.

आता चव. खणल्या दिवशीच उकडलंत ना? ताजं रताळं पिठूळच असतं, स्टार्चची साखर व्हायला वेळ लागतो. न धुता, माती नुसती झटकून, सावलीत आठवडाभर पसरा. ऑक्टोबरचा उकाडा याला अगदी योग्य. सालीवरचे ओरखडेही भरून येतात. मग अजून दोन आठवडे टोपलीत. फ्रिजमध्ये मात्र कधीच नाही, आतला गाभा शिजूनही टणक राहतो.

केशरी रताळ्यात पाणी जास्त असतं, म्हणून पांढऱ्यासारखा कीस केला की गिच्च होतो. जाड किसा, पसरट कढईत तूप-जिरं-मिरचीवर परता, झाकण ठेवू नका, दाण्याचं कूट शेवटी. तुपात हात आखडू नका, कारण केशरी रंगातलं बीटा-कॅरोटीन स्निग्धाबरोबरच अंगी लागतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या 'भू सोना' वाणात ते १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम असतं; पांढऱ्यात जवळजवळ नाहीच.

पण माझं मत विचाराल तर हे रताळं निखाऱ्यावरच्या राखेतलं. मंद आचेवर तासभर ठेवलं की सालीतून काकवीसारखा पाक पाझरून तिथेच करपतो. तेवढा गोडवा कुकरमध्ये येत नाही, कारण तिथे साखर व्हायच्या आतच रताळं शिजून जातं. घाऱ्यांनाही हेच भाजलेलं घ्या, गूळ निम्मा पुरतो.

खणताना वेल फेकू नका. चार तुकडे कुंडीत लावून जगवा, पुढच्या जूनला बेणं घरचंच.