मिंटला विंडोज सापडत नाही, फक्त ‘इरेज डिस्क’ दिसतंय: आधी काय बघायचं

गोव्यातल्या साखळीच्या भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. जुना लॅपटॉप, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, प्रोसेसर जुना म्हणून ११ चढत नाही, म्हणून तू विंडोज ठेवून बाजूला मिंट, म्हणजे लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायला बसलास. तर इन्स्टॉलर म्हणतो या कॉम्प्युटरवर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही, आणि खाली ऑप्शन दोनच, ‘इरेज डिस्क’ नाहीतर ‘समथिंग एल्स’ (म्हणजे डिस्कचे भाग आपण हाताने ठरवायचे). तू घाबरून पॉवर बटण दाबून धरलंस आणि आता विचारतोयस की डी ड्राइव्हमधलं गेलं का आणि माझं चुकलं कुठे.

गेलेलं काही नाही, आधी जेवून घे. नुसता ऑप्शन निवडून काही पुसलं जात नाही. ‘इन्स्टॉल नाउ’ दाबल्यावर अजून एक छोटी खिडकी येते, डिस्कवर बदल लिहू का म्हणून, तिथे ‘कंटिन्यू’ केलं की मग लिहायला सुरुवात होते. तू त्याच्या बराच अलीकडे थांबलास.

आणि तुझं चुकलंही नाही. मला या इन्स्टॉलरांचा राग येतो तो ह्याच गोष्टीचा, मग ते विंडोजचे असोत की लिनक्सचे. टाइमझोन कुठला, कीबोर्ड कुठला, कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं आणि तुझी अख्खी डिस्क पुसू का, हे सगळं एकाच सुरात विचारतात, तोच फाँट, तेच पुढे जायचं बटण. ह्यातलं बरंचसं उद्या सकाळी सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं आणि एखादं जन्मात बदलता येत नाही, पण कुठलं कुठलं ते कोण सांगत नाही, आणि विचारतात तेव्हा समोरच्याला सगळ्यात कमी माहिती असते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझे बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे, बसवायचेही. हाताने लिहिलेल्या संहिता त्यांनी कित्येक वर्षं रात्री बसून घरच्या डेस्कटॉपवर टाइप केल्या होत्या, डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर, प्रत्येक नाटकाची वेगळी फाइल. मी लिनक्स टाकायला बसलो, ‘इरेज डिस्क’ वाचलं आणि मला वाटलं डिस्क म्हणजे सी, डी वेगळा आहे तो राहील. आपण विंडोजवाले सी, डी म्हणतो ते बहुतेकदा एकाच डिस्कचे पाडलेले भाग असतात, इन्स्टॉलर डिस्क म्हणतो तेव्हा तो पूर्ण हार्ड डिस्क म्हणतो. नंतर दोन दिवस रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, फाइली निघाल्या त्या नाव नसलेल्या, मधेच तुटलेल्या, आणि बाबांनी जुन्या फाँटात टाइप केलेलं असल्यामुळे उघडल्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. माळ्यावरून वह्या काढल्या आणि चवथीच्या सुट्टीत परत पहिल्या पानापासून टाइप करायला बसले. म्हणून सांगतो, आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घे आणि ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेव, मग बाकीचं.

आता विंडोज सापडत का नाही. विंडोजमध्ये जाऊन ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघड आणि ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय बघ, यूईएफआय का लेगसी, म्हणजे मशीन सुरू व्हायची नवी पद्धत का जुनी. जे असेल त्याच पद्धतीने मिंटचा पेन ड्राइव्ह बूट, म्हणजे सुरू, व्हायला पाहिजे. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकावर यूईएफआय लिहिलेलं असतं, आणि विंडोज यूईएफआयवाली असताना तू दुसऱ्या नावाने बूट केलंस तर इन्स्टॉलरला विंडोज दिसतच नाही, माझा पहिला संशय हाच आहे. दुसरा संशय फास्ट स्टार्टअपवर. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज खरी बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि तसल्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या त्या भागाला, लिनक्सने हात लावू नये. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद कर आणि तू बटण दाबून मशीन पाडलंयस म्हणून एकदा विंडोज नीट चालू करून नीट शटडाउन पण कर. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणं) चालू आहे का तेही बघ, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदलू नको.

कोणीतरी तुला बायोसमध्ये साटा मोड (मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं ते सेटिंग) आरएसटीवरून एएचसीआय कर असंही सांगेल. तुला डिस्क दिसतेय, म्हणजे त्याची बहुतेक गरज नाही, आणि ते थेट बदललं तर विंडोज बूट व्हायची बंद पडू शकते, त्यामुळे सध्या राहू दे.

जागा मात्र इन्स्टॉलरवर सोडू नको, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच डी श्रिंक, म्हणजे लहान, करून मोकळी कर. मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात, १०० देता आले तर निवांत. ती जागा फॉरमॅट न करता तशीच ‘अनअलोकेटेड’ ठेवायची. मग ‘अलाँगसाइड’ (विंडोजच्या बाजूला टाक) हा ऑप्शन आला तर ठीक, नाही आला तरी ‘समथिंग एल्स’मध्ये तेवढ्याच मोकळ्या जागेत रूट पार्टिशन, म्हणजे मिंटचा मुख्य भाग, करता येतं, आकडा जुळतोय ना तो तीनदा बघ.

बाकी प्रश्नांत कीबोर्डवर थोडं थांब. आपल्याकडे मिळणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात, यूके निवडलंस तर ॲट आणि डबल कोट ह्यांची अदलाबदल होते, पासवर्डमध्ये ॲट असेल तर पुढे कीबोर्ड बदलल्यावर लॉगिनला नुसते ठिपके दिसतात आणि पासवर्ड चूक चूक म्हणत राहतं. मराठी लेआउट नंतर घाल, इन्स्टॉल करताना नको. होम फोल्डर एन्क्रिप्ट करायची टिक पण नको, पासवर्ड विसरलास तर आतलं गेलं. टाइमझोनमध्ये पणजी शोधू नको, कोलकाता घे. कोडेक (गाणी, व्हिडिओ चालायला लागणारे) नंतर टाकता येतात, कॉम्प्युटरचं नावही नंतर बदलतं.

आणि मिंट टाकून झाल्यावर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नको. मशीनच्या आतल्या घड्याळाला लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं आणि विंडोज लोकल टाइम समजते, त्यातला हा फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल (timedatectl) या कमांडने ते लोकल टाइमवर ठेवता येतं, तिथवर पोचलास की अचूक कमांड देतो.

तर आज इन्स्टॉल करू नको. बायोस मोडसमोरचं आणि डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा फोटो इथे टाक, मी संध्याकाळी बघतो. आणि करशील तेव्हा चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना कर, तुमच्याकडे पाऊस लागला की करंट कधी जाईल सांगता येत नाही.