उसाच्या ट्रॉलीची वाट नवीन शेजाऱ्याशी कशी ठरवावी? (करवीर तालुका)

शेजारचं रान विकलं गेलंय, नवीन मालक बांधावरनं ट्रॉली जाऊ देईल का, ही तुमची काळजी. तोड यायच्या आधीच त्यांच्याकडं जाऊन बसा. टोळी खोळंबलेली, ट्रॉली बांधावर उभी आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अशा वेळी कुणी समजुतीनं बोलत नाही.

'वाट द्या' एवढं मोघम म्हणू नका. दोघांनी टेप धरून रुंदी मोजा. वळणावर भरल्या ट्रॉलीला जास्त जागा लागते, आणि भांडण नेमकं तिथंच होतं. पावसात चाकोऱ्या पडल्या तर मुरूम कुणी टाकायचा, हेही बोलून घ्या. (मी तर म्हणेन तुम्हीच टाका, वकिलापेक्षा स्वस्त पडतो.) ठरलेलं लिहून दोघांच्या सह्या घ्या.

वाट पूर्वापार असून अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट नव्यानंच हवी असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ बघा. तीही बांधावरूनच मिळते, रानाच्या मधून नाही.