अभिनेत्री दुर्गा खोटे मूळच्या गोव्याच्या का?

मूळ गोव्याचं, जन्म मात्र मुंबईचा, १९०५ सालचा. खोटे हे सासरचं आडनाव. माहेरच्या त्या लाड, आणि या घराण्याची मुळं गोव्यात, घरातली बोली कोकणी. त्यामुळे म्हापशात कोणी ‘ती आमचीच’ म्हणालं तर ते अगदीच खोटं नाही! फक्त ‘बॉबी’तल्या (१९७३) गोवेकर मिसेस ब्रगांझावरून निष्कर्ष काढू नका, ती निव्वळ भूमिका. खरं कौतुक १९३२ चं: घरंदाज बाईनं सिनेमात जाणं म्हणजे बदनामी, अशा काळात प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या, मराठीत आणि हिंदीतही. गाणीसुद्धा स्वतःच्याच गळ्यातली. फाळके पुरस्कार पुढे १९८३ चा.