कधी एका किल्लीत सुरू, कधी नुसतं 'टक'

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे २००८ची डिझेल पिकअप आहे, जुन्या पंपवाली, सेन्सरबिन्सर काही नाही. रोज पहाटे ससून डॉकवरून मासळी भरतो आणि माहीम, अंधेरीच्या बाजारात टाकतो. गेले काही महिने गाडी कधी एका किल्लीत सुरू होते, कधी किल्ली फिरवली की नुसतं टक करते आणि गप्प. तेही जास्त करून डॉकवर माल भरून निघायच्या टायमालाच. चारदा किल्ली मारली की उठते, नाहीतर पोरं धक्का मारतात. बॅटरी नवीन टाकली, सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले, इलेक्ट्रिशियनने टेस्ट लॅम्प लावून सगळीकडे करंट बरोबर येतोय म्हणून सांगितलं. तरी तेच. आता तो म्हणतो नवीन सेल्फच टाका. अजून एक, हेडलाईट चालू असताना इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे पण लुकलुकतात आणि डिझेलचा काटा नाचतो. ॲक्सिलरेटरची केबलही हल्लीच दुसऱ्यांदा जाम झाली, तो खर्च वेगळाच. बॅटरी हौद्याखाली चेसिसला आहे. काय करू? — एक वाचक, माहीम कोळीवाडा

उत्तर : सेल्फ घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. आणि केबलचा खर्च वेगळा म्हणालात ना, तो वेगळा नाहीये, तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

कसं ते बघा. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन ते चेसिस अशी एक जाड विणलेली पट्टी किंवा केबल दिलेली असते. सेल्फ जो करंट ओढतो तो बॅटरीच्या प्लसकडून येतो आणि इंजिनच्या बॉडीतून, या पट्टीतून, चेसिसमधून परत मायनसला जातो. आता ही पट्टी गंजली, सैल झाली किंवा तुटायला आली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला केबिनशी जोडणारी धातूची वस्तू म्हणजे तुमची ॲक्सिलरेटरची नाहीतर क्लचची केबल. डिझेलचा सेल्फ फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो, तो त्या बिचाऱ्या केबलमधून जायला लागला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि केबल जाम. जुनी केबल फेकली नसेल तर कापून बघा, आत काळं चिकटलेलं दिसलं तर मग शंकाच नको.

हेडलाईट-इंडिकेटरचा नाचही त्याच घरातला. मीटर आणि दिवे यांची परतीची वाट केबिनच्या अर्थवरून (म्हणजे केबिन चेसिसला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवरून) असते, तो कमजोर झाला की इंडिकेटर पेटला की बाकीच्यांच्या वाट्याचं व्होल्टेज कमी, विझला की परत वर, म्हणून काटा त्याच्या तालावर. म्हणजे माझा अंदाज असा की तुमचे एक नाही, दोन अर्थ गेलेत, इंजिनचा आणि केबिनचा. कारण शोधायला लांब जायला नको, बर्फाचं खारट पाणी हौद्यातून रोज चेसिसवर ठिबकतंय आणि बॅटरीचा मायनस नेमका तिथेच बोल्टने कसलाय.

मग इलेक्ट्रिशियनला दिसलं कसं नाही? तो खोटं बोलत नव्हता, टेस्ट लॅम्पच तिथे फसतो. समजा त्या गंजलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स एक ओहमचा शंभरावा भाग आहे. टेस्ट लॅम्पचा बल्ब दोन अँपिअरच्या आतच ओढतो, त्यावर पडणारा फरक ०.०२ व्होल्ट, बल्ब झकास पेटणार. तोच जॉइंट २०० अँपिअरला दोन व्होल्ट खातो. बॅटरीकडून सेल्फला साडेदहा मिळायच्या जागी साडेआठ मिळाले की सेल्फ टक करून बसणारच. मीटर ओहमवर लावून बघितला तरी शून्यच दाखवेल, साधा मीटर एवढं बारीक मोजूच शकत नाही. म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना, सेल्फ मारता मारता. डॉकवरच का होतं तेही यात आलं, चालवून आणलेलं गरम इंजिन तासभर उभं राहिलं की त्याची आच सेल्फला आणि केबलला लागते, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, आधीच काठावर असलेलं काम तिथे ढासळतं.

लॅमिंग्टन रोडवरचा साधा डिजिटल मीटर पुरेल, भारीतला नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याची, वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, म्हणजे लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यावर) नाही, आतल्या शिशाच्या खांबावरच, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. कोणाला तरी किल्ली मारायला सांगा. आकडा ०.२-०.३ च्या आत राहिला तर अर्थ बरा, एक-दीड दाखवला तर चोर सापडला. मग तेच तुकड्यातुकड्याने करा, खांब ते लग, लग ते चेसिस, चेसिस ते इंजिन, ज्या तुकड्यावर व्होल्ट अडकलेले दिसतील तोच खोलायचा. गाडी टक करत असतानाच मोजलं तर उत्तम, चांगली चालत असताना मोजून काही हाताला लागत नाही.

मीटर नसेल तर याहून सोपं. जंपर केबलची एक वायर गाडीत ठेवा, डॉकवर रुसली की एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनच्या उचलायच्या हुकला. लगेच एका किल्लीत उठली तर नवीन सेल्फचे पैसे वाचले समजा.

अर्थ बरा निघाला तर मग प्लसची बाजू. बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत फरक हवा. त्याच वेळी सेल्फवरच्या सोलेनॉइडवर येणारी किल्लीची बारीक वायर बघा, तिथे दहाच्या खाली येत असेल तर किल्लीच्या स्विचचे पॉइंट जळालेत, एक रिले टाकून घ्या. बारीक वायरला पूर्ण व्होल्टेज, दोन्ही जाड बाजू चांगल्या आणि तरी एकच टक, तेव्हाच सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेत असं म्हणायचं, आणि बऱ्याच सेल्फमध्ये ते सुटे बदलता येतात. बॅटरी उतरली असेल तर आवाज साधारण वेगळा येतो, कटकटकटकट असा.

दुरुस्ती करताना पहिलं काम मायनस काढणं. नुसता बोल्ट आवळू नका, खोला, चेसिसवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू काढा, लगही घासा. केबलच्या टोकाचं रबर थोडं मागे सोलून बघा, तांबं हिरवं-काळं दिसलं तर ते आत बरंच लांबवर गेलेलं असतं, तेवढ्यापुरतं कापून भागत नाही, केबलच नवीन घ्या, जुनीपेक्षा बारीक नको, लग नीट प्रेस करून घ्या. कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा. केबिन ते चेसिसचीही नवीन पट्टी टाका, खर्च किरकोळ आहे. आणि हौद्याच्या पाण्याला एक पाइप काढून ते वेगळ्या टाकीत घ्या, चेसिसवर नको आणि रस्त्यावर तर नकोच, मागून येणारे बाईकवाले घसरतात. खेपा झाल्या की चेसिसवर गोडं पाणी मारा.

प्रश्न : शनिवारी दुपारी गाडी लावली की सोमवारी सकाळी बॅटरी डाऊन. बॅटरीवाल्याने तपासली, चांगली आहे म्हणाला. म्युझिक सिस्टीम आणि जीपीएस नंतर बसवलेत. — एक वाचक, भांडुप

उत्तर : कोणीतरी झोपेत करंट पितंय. ६५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल आणि एक अँपिअर जरी गळत असेल तरी चाळीस तासांत अर्ध्याहून जास्त रिकामी. सोमवारी सकाळी बोनेट उघडल्यावर सगळ्यात आधी डायनामोला हात लावून बघा, गाडी दोन दिवस उभी असून तो कोमट लागला तर आतला डायोड शॉर्ट आहे आणि करंट तिथूनच उलटा जातोय. गार असेल तर मायनस काढून केबल आणि खांबाच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा, दरवाजे बंद, किल्ली बाहेर, अर्धा तास थांबा. जुन्या गाडीला ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला ती लाइन. नंतर बसवलेल्या वस्तू बहुतेक वेळा फ्यूजबॉक्समधून न घेता सरळ बॅटरीवरून घेतलेल्या असतात, त्या हाताने सोडवूनच बघाव्या लागतील, माझा पहिला संशय म्युझिक सिस्टीमवर. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच उडेल.

प्रश्न : गॅरेजवाला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतो आणि गाडी बंद पडली नाही की डायनामो ओके म्हणतो. बरोबर आहे का? — एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही, आणि परत केलं तर हात धरा त्याचा. बॅटरी सर्किटमधून गेली की व्होल्टेज एकदम उसळतं, रेग्युलेटर, डायोड, म्युझिक सिस्टीम, ईसीएमवाली (इंजिनला कॉम्प्युटर असलेली) गाडी असेल तर तोही, काहीही उडू शकतं. त्यात जुन्या पंपवालं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला फक्त स्टॉप सोलेनॉइडपुरता करंट लागतो, म्हणजे अर्धमेल्या डायनामोवरही ते चालूच राहणार. इंजिन थोडं रेसवर ठेवून बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं, मग हेडलाईट आणि ब्लोअर चालू करून परत बघा, साडेतेराच्या खाली गेलं तर आधी बेल्ट दाबून बघा सैल आहे का, मग डायनामो खोला.