विश्वस्त काका परदेशी, हिशेब मिळत नाही

प्रश्न : आजोबांनी १९९६ मध्ये न्यासपत्र करून पुण्यातील दोन सदनिका माझ्यासाठी व माझ्या गतिमंद धाकट्या भावासाठी न्यासात ठेवल्या. काका एकटेच विश्वस्त आहेत. वर्षभर ते सलग कॅनडात असून भाड्याचा हिशेब देत नाहीत. आजोबा हयात नाहीत आणि नवा विश्वस्त कोणी नेमावा याचा न्यासपत्रात उल्लेख नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने आमचा अर्ज घेतला नाही. आत्याला विश्वस्त नेमता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येईल, पण त्यासाठी जिल्हा न्यायालयात जावे लागेल. धर्मादाय आयुक्तांचा अधिकार सार्वजनिक न्यासांपुरता असतो. आपला न्यास खासगी असल्याने त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम ७३ प्रमाणे विश्वस्त सलग सहा महिने भारताबाहेर राहिला, तर त्याच्या जागी दुसरा नेमता येतो, आणि तशी नेमणूक करणारे कोणी उरले नसेल, तर कलम ७४ खाली लाभार्थी दावा न लावता केवळ अर्ज करून न्यायालयाकडे नवा विश्वस्त मागू शकतो.

माझा आग्रह असा, की या अर्जात भाड्याच्या अपहाराचा आरोप मिसळू नका. काकांची गैरहजेरी पासपोर्टवरील नोंदींवरून सिद्ध होऊ शकते. अपहार मात्र साक्षीपुराव्याने शाबीत करावा लागतो, त्यासाठी स्वतंत्र दावा हवा, आणि दोन्ही एकत्र केल्यास सोपे कामही वर्षानुवर्षे रेंगाळेल. जुन्या भाड्याचा हक्क बुडेल ही भीती बाळगू नका, कारण मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १० प्रमाणे विश्वस्ताकडून हिशेब मागण्यास मुदतीची आडकाठी नाही. तोवर न्यासपत्राची व हिशेबाची पाहणी लेखी मागून पोच जपून ठेवा. न्यास अधिनियमाच्या कलम ५७ ने तो आपला हक्क आहे.

न्यासपत्रात लवादाची अट असली, तरी खासगी न्यासातील असे वाद लवादाकडे जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले आहे.

नेमणूक करताना न्यायालय आजोबांची इच्छा, न्यासाचे काम सुकर होईल की अडेल आणि सर्व लाभार्थींचे हित या गोष्टी पाहते. आत्या स्वतः लाभार्थी नाहीत, ही जमेची बाजू. त्यांची लेखी संमती अर्जासोबत जोडा. भावाच्या वतीने वेगळी बाजू मांडली जाणे मला सर्वांत आवश्यक वाटते, कारण तो स्वतः बोलू शकणार नाही आणि आपले व त्याचे हित प्रत्येक वेळी एकच असेल असे न्यायालय गृहीत धरणार नाही. आदेश झाल्यावर कलम ७५ नुसार मालमत्ता आत्यांकडे विश्वस्त म्हणून येते; आदेशाची प्रमाणित प्रत गृहनिर्माण संस्थेला, बँकेला व भाडेकरूंना लगेच द्यावी, म्हणजे पुढचे भाडे न्यासाच्याच खात्यात जमा होईल.