त्रिकोण, त्रांगडं की नुसतं ‘तिघं’?

प्रश्न असा आला आहे: “आमच्या फिल्म क्लबात ‘डिझाइन फॉर लिव्हिंग’ हा १९३३ सालचा अमेरिकी विनोदी प्रेमपट दाखवणार आहोत. त्यात एक बाई आणि दोन मित्र तिघांच्या राजीखुशीने एकत्र राहतात. परिचयाच्या चार ओळी मराठीत लिहायच्या आहेत. मी ‘प्रेमाचा त्रिकोण’ लिहिलं, तर एक सभासद म्हणाले, हा त्रिकोण नव्हे. एका बाईंनी ‘त्रांगडं’ सुचवलं, एका तरुण मुलाने ‘त्रियुगुल’. नेमका शब्द कोणता?”

आधी सभासदांच्या आक्षेपाबद्दल. गंमत अशी, की भूमितीच्या हिशेबाने ते चुकले आहेत आणि भाषेच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. आपण ज्याला प्रेमाचा त्रिकोण म्हणतो त्यात बहुतेक वेळा दोन नायक आणि एक नायिका असते, किंवा उलट. दोघांच्या मनाच्या रेघा एकाच बिंदूला जाऊन मिळतात. दोन रेघा एका बिंदूत मिळाल्या तर शाळेत आपण त्याला कोन म्हणायचो. त्रिकोण व्हायला तिसरी बाजू लागते, म्हणजे त्या दोन नायकांचं आपापसातलं नातं. नेहमीच्या सिनेमात ही बाजू एकतर नसते, नाहीतर मध्यंतरानंतर मोडते.

या सिनेमात तीच बाजू सगळ्यात आधी काढलेली आहे. टॉम नाटककार, जॉर्ज चित्रकार, दोघे जिवलग मित्र, दोघेही कफल्लक. पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात दोघे झोपलेले असताना समोर येऊन बसलेली जिल्डा त्यांचं चित्र काढते, तिथून कथा सुरू होते. म्हणजे तिन्ही बाजू बंद असलेला खरा त्रिकोण हाच. तरीही परिचयात तो शब्द घालू नये, कारण ‘प्रेमाचा त्रिकोण’ वाचल्याबरोबर मराठी प्रेक्षकाला शेवट कळतो. कुणीतरी त्याग करणार, आजारी पडणार किंवा बॅग भरून विमानतळावर जाणार. इथे तसं काहीच होत नाही.

‘त्रांगडं’ हा मला मनापासून आवडणारा शब्द. त्याच्यात ‘त्रि’ उघड ऐकू येतो आणि उच्चारताना जिभेचंही थोडं त्रांगडं होतं. पण तो तक्रारीचा शब्द आहे. वाटणीचं त्रांगडं होतं, वारसाहक्काचं होतं, पाहुणे आलेले असताना गॅस संपला की स्वयंपाकाचंही होतं. ज्याला आपल्या आयुष्याचं त्रांगडं झालंय असं वाटतं, तो त्यातून सुटायची वाट बघत असतो. जिल्डाला सुटायचं नाहीये.

इथेच कुणी ‘तिढा’ सुचवण्याआधी सांगून टाकतो. त्यात तीन नाहीत. तो ‘तेढ’ या शब्दाच्या गोतावळ्यातला आहे, वाकडेपणाचा, पिळाचा. दोघांमध्येही तिढा पडतो आणि दोघांमध्ये तेढही येते. तिसऱ्याची गरज नाही. तीन खरोखरच हवे असतील तर कोकणात ‘तिठा’ आहे. मुंबई-गोवा महामार्गाने गेलात तर नांदगाव तिठा लागतो, झाराप तिठा लागतो. तीन रस्ते मिळतात ती जागा. वाढून चार झाले की त्याचा चव्हाटा होतो, आणि चव्हाट्यावर आलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता मुद्द्याचं. मराठीत ‘तिसरा माणूस’ यासाठी दोन फार चांगले शब्द आहेत आणि दोन्ही परक्याचे आहेत. ‘तिऱ्हाईत’ आणि ‘त्रयस्थ’. कुठलंही जुनं खरेदीखत काढून बघा, “सदर मिळकतीवर कोणाही तिऱ्हाईत इसमाचा हक्क अगर हितसंबंध नाही” अशा चालीचं वाक्य त्यात असतंच. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि बाकी सगळं जग तिऱ्हाईत. ‘त्रयस्थ’ जरा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आलेला. मध्यस्थ मधे उभा राहतो, तटस्थ काठावर, आणि त्रयस्थ तिसऱ्या जागी. पण त्याच्याकडूनही आपली अपेक्षा एवढीच, की त्याने त्रयस्थ नजरेने बघावं आणि मधे बोलू नये. मराठीत तीन मोजताना आपण बहुधा ‘दोन आणि एक’ असे मोजतो. आतले दोन आणि बाहेरचा एक. “दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ” या म्हणीतला तिसराही असाच, भांडणाबाहेर उभा राहून फायदा उचलणारा.

हे लक्षात घेऊन सिनेमा बघितला तर मजा दुप्पट होते. कारण त्यात एक तिऱ्हाईत आहे, फक्त तो तिघांपैकी नाही. मॅक्स प्लंकेट हा जिल्डाचा वरिष्ठ. ती त्याच्यासाठी जाहिरातींची चित्रं काढते. तो नीटनेटका, वेळेचा पक्का, आणि तिच्या अब्रूची तिच्यापेक्षा जास्त काळजी करणारा. मधे तिघांचं बिनसतं आणि जिल्डा चिडून या मॅक्सशी रीतसर लग्न लावून अमेरिकेत युटिका गावी राहायला जाते. म्हणजे कागदोपत्री नवरा-बायको मॅक्स आणि जिल्डा, आणि टॉम-जॉर्ज तिऱ्हाईत इसम. पण पडद्यावर बघणाऱ्याला प्रत्येक क्षणी उलटं वाटत राहतं. परका कोण असेल तर तो हा नवरा. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचने सगळा विनोद या अदलाबदलीवर उभा केलाय, आणि ती मराठीत ‘तिऱ्हाईत’ या एका शब्दात सांगता येते. परिचयात तो शब्द कुठेतरी वापराच, पण मॅक्ससाठी.

मग एक पुरुष आणि दोन बायका असत्या तर शब्द मिळाला असता का? तिथे मराठी कमालीची श्रीमंत आहे. सवत, सवतीमत्सर, “दोन बायका, फजिती ऐका”. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंमधली दुसरी लग्नं रोखणारा कायदा झाला, तो लोकांच्या तोंडी ‘द्विभार्या प्रतिबंधक’ म्हणूनच राहिला. मोजल्या गेल्या त्या भार्याच. एकामागून एक लग्नं करणाऱ्या पुरुषांसाठीही शब्द तयार होते, दुसरेपणाचा तो बिजवर आणि तिसरेपणाचा तो तिजवर. पण एकाच बाईच्या दोन पुरुषांनी एकमेकांना काय म्हणायचं? साडू नाही, तो बायकोच्या बहिणीचा नवरा. रोजच्या बोलीत शब्दच नाही.

संस्कृतात मात्र एक चमत्कारिक गोष्ट सापडते. सवत हा शब्द ‘सपत्नी’पासून आला. या सपत्नीवरून ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द बेतला गेला. तर्काने त्याचा अर्थ ‘पुरुष सवत’ व्हायला हवा होता. झाला ‘शत्रू’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, की मला ‘असपत्न’ म्हणजे निष्कंटक, प्रतिस्पर्धी नसलेलं राज्य मिळालं तरी माझा शोक जाणार नाही. बायकांमधली सवत घरात राहिली आणि तिचा पुरुष अवतार थेट रणांगणावर गेला. दोन पुरुषांनी एका बाईवर प्रेम करावं आणि तरी शत्रू होऊ नये, ही शक्यता भाषेने फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. टॉम आणि जॉर्ज हे असपत्न आहेत असं म्हणता येईल, पण ते परिचयात लिहू नका, सभागृहात चार जणही यायचे नाहीत.

‘त्रियुगुल’ सुचवणाऱ्या मुलाचं कौतुक वाटलं, पण युगुल म्हणजे जोडी. त्रियुगुल म्हणजे तीन जोड्या, ऐकणारा सहा माणसं धरणार. (तीन माणसांतून जोड्या मात्र बरोबर तीनच होतात, तेव्हा गणित त्या मुलाच्या बाजूने आहे.) ‘त्रिकूट’ला खोडकर वास येतो, सोसायटीतली काच फोडणाऱ्या पोरांचं ते असतं. ‘तिकडी’ क्रिकेटवाल्यांची आणि राजकारण्यांची. ‘त्रयी’ फार सोवळी, तिच्याआधी ‘प्रस्थान’ लागतं. मला व्यक्तिशः ‘तिपेडी’ आवडला असता. वेणी घालताना प्रत्येक पेड आळीपाळीने मधे येतो आणि बाजूला होतो, आणि सिनेमातही तसंच घडतं. टॉम नाटकासाठी लंडनला गेला की जॉर्ज जवळ येतो, जॉर्ज कामासाठी बाहेरगावी गेला की टॉम. पण ‘तिपेडी प्रेमकथा’ म्हटल्यावर वाचकाला आईच्या हातचं खोबरेल तेल आठवेल, त्याला इलाज नाही.

तेव्हा माझं उत्तर अगदी साधं आहे: ‘तिघं’.

या शब्दाकडे आपण फारसं बघत नाही, कारण तो रोजचा आहे. माणसं मोजायला मराठीत वेगळे आकडे आहेत आणि ते तीनच आहेत: दोघं, तिघं, चौघं. पाचापासून ‘जण’ लावावा लागतो. वस्तू तीन असतात, माणसं तिघं. दोघं म्हटलं की जोडपं डोळ्यांपुढे येतं. चौघं म्हटलं की समाज येतो, ‘चारचौघांत’ कसं वागावं ते आपण लहानपणापासून ऐकतोच. मधल्या तिघांवर असलं ओझं नाही. तिघं जेवायला जातात, तिघं रिक्षात मावतात. या शब्दात तक्रारही नाही आणि कुणी परकाही नाही.

शिवाय लिंगाचा मुद्दा. सगळे पुरुष असले तर ‘तिघे’, बायका असल्या तर ‘तिघी’, आणि मिश्र असले तर नपुंसकलिंगी ‘तिघं’. “ती तिघं टॅक्सीत बसली” या वाक्यात तीन माणसांत बाई आहे आणि पुरुषही आहे, हे वेगळं न सांगता कळतं. जुन्या छापील मराठीत हे ‘तिघें’ असं अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि छापील मजकुरात पुरुषांचे तिघे आणि मिश्र तिघे एकसारखे दिसू लागले. भेद बोलण्यात शिल्लक राहिला. म्हणून परिचय बोलभाषेच्या लेखनात लिहा, ‘तिघं’ असाच. या एका अनुस्वारात जिल्डा बसलेली आहे.

नाम हवं असेल तर ‘तिघांचा संसार’. हे मी नवीन बनवलेलं नाही. फ्रेंचांचा यासाठीचा जगप्रसिद्ध शब्दप्रयोग ‘मेनाज आ त्रुआ’, त्याचाही शब्दशः अर्थ ‘तिघांचं बिऱ्हाड’ असाच होतो. त्यात प्रेम हा शब्द नाही, शेज नाही. घर आहे. पॅरिसमधल्या त्या पोटमाळ्यावर जिल्डा राहायला येते तीही मैत्रीण, प्रेरणा आणि परखड समीक्षक म्हणून, आणि अट अशी की शरीरसंबंध नको. ‘संसार’ म्हटलं की मराठी माणसाला भांडी, भाडं, उधारी आणि कुरबुरी दिसतात, आणि या सिनेमाला नेमकं तेच हवंय.

त्या अटीला इंग्रजीत जे नाव आहे त्यात ‘जंटलमन’ आहे. पुढे जिल्डाच ती मोडते, आणि सबब अशी देते की करार जंटलमन लोकांचा होता, मी कुठे जंटलमन आहे! सबटायटलं मराठीत करणार असाल तर इथे अडाल. ‘सभ्य माणसांचा करार’ केलात तर विनोद मेला, कारण बाईही सभ्य माणूस असतेच. ‘सद्गृहस्थ’ वापरा. त्यात सभ्यपणा आहे, पुरुषपणा आहे, आणि वर ‘गृहस्थ’ म्हणजे घर मांडून बसलेला हा तिसरा अर्थ फुकट मिळतो. “करार सद्गृहस्थांचा होता, आणि मी काही गृहस्थ नव्हे.” पुढे मॅक्सच्या घरी गृहिणी व्हायची वेळ तिच्यावर येते, तेव्हा हे वाक्य पुन्हा एकदा हसवेल. ही सोय इंग्रजीला नाही.

नावाच्या भाषांतराच्या फंदात पडू नका. ते मूळ नोएल कॉवर्डच्या नाटकाचं आहे. नाटक १९३३च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आलं आणि लंडनच्या रंगमंचावर यायला १९३९ उजाडलं. सिनेमाचं नशीब त्या मानाने बरं. १९३४च्या मध्यापासून हॉलीवूडची नीतिसंहिता कडकपणे लागू झाली, त्याच्या थोडंच आधी तो निसटला. हे एक वाक्य परिचयात जरूर घाला, म्हणजे इतक्या जुन्या काळी हे चाललं कसं, असं कुणी विचारणार नाही.

बाकी ओळी अशा करता येतील: “पॅरिस. जाहिरातींची चित्रं काढणारी जिल्डा, नाटककार टॉम, चित्रकार जॉर्ज. तिघांचा एक संसार, त्याची एकच अट, आणि मधे आलेला एक तिऱ्हाईत: तिचा नवरा.” शेवट सांगू नका. फक्त ती तिघं टॅक्सीत बसली की खालच्या सबटायटलात ‘तिघे’ असं छापलं जाणार नाही, एवढं बघा.